गोचिडीची हजेरी

नवऱ्याच्या तपासणीत काही निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणाऱ्या बायका पुष्कळ असतात. जंतूबाई मात्र काहीतरी निघावं म्हणून बसल्या होत्या.

जंतूबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेत पडलं. समुद्रपक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्या आणि त्या गोचिड्यांच्या पोटातले जंतू, यांतच त्यांची सगळी नोकरी गेली. गोचीड पाखराचं रक्त पिते, कड्याच्या कपारीत पडून राहते आणि माणूस सापडला तर त्यालाही सोडत नाही. रक्त पिता पिता आपल्याकडचा जंतू त्याच्या अंगात ठेवून जाते. हा जंतू सांध्यांत शिरतो, नसांत शिरतो, क्वचित मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस विसरायला लागतो. पण त्याच्यावर औषध आहे. सुया टोचल्या की जंतू मरतो.

आणि बाईंचा नवरा विसरायला लागला होता. दुधाची पिशवी बुटांच्या कपाटात सापडली, तेव्हा दोघं पोट धरून हसली. शेजाऱ्याला तो रोज नव्यानं नाव विचारायचा, तेही चालून गेलं. पण ज्या माणसाला उडत्या पाखराच्या पंखावरून त्याचं वय सांगता यायचं, त्यानं परवा खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण गं?"

त्याला सगळे पाखऱ्या म्हणायचे. तरुणपणी पाखरांच्या पायांत नंबराच्या कड्या अडकवायचं त्याचं काम, आणि त्याच पाखरांच्या गोचिड्या वेचायचं बाईंचं. हे काम चालायचं समुद्रातल्या एका बेटावर. तिथं राहायला एकच झोपडी, दोन खोल्यांची. मधल्या भिंतीतून एकमेकांचं घोरणं ऐकू यायचं आणि सकाळी दोघंही ते नाकारायची. समोरच्या कड्यावर काळी पाठ आणि पांढरी छाती असलेली पाखरं दाटीवाटीनं उभी असत आणि दिवसभर कलकलाट करत. पाखऱ्या त्यांना वकील म्हणायचा. "आज कोर्ट जोरात आहे, फीसुद्धा डोक्यावरच टाकतायत," असं म्हणत टोपी पुसायचा.

मोज्यांत विजार खोचली, मनगटाला चिकटपट्टी लावली, तरी गोचिड्या अंगावर यायच्याच. म्हणून संध्याकाळी उजेड आहे तोवर खिडकीशी बसून एकमेकांची मान, कानांमागं, केसांतून बघायचं, असा नियम होता. पाखऱ्यानं त्याला हजेरी हे नाव दिलं.

"उजवा कान?"

"गैरहजर."

"डावा?"

"एक हजर आहे. हलू नकोस, चिमटा लावते."

मानेच्या खाली ज्यानं त्यानं आपलं आपण बघायचं, असं ठरलं होतं. एकदा पाठीच्या मधोमध खाज सुटली आणि हात काही पोचेना, तेव्हा पाखऱ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जंतूबाई, पाठीची हजेरी घ्यायची तर लग्नच करावं लागेल." बाईंनी आधी गोचीड काढली, बाटलीत घातली, बाटलीवर तारीख घातली, आणि मग हो म्हटलं. पुढं ओळखीचे चिडवायचे, गोचिडीसारखे चिकटलेत दोघं! बाईंना ते फार आवडायचं. लग्नानंतर हजेरी डोक्यापासून तळपायापर्यंत होऊ लागली आणि बाईंच्या नजरेतून एकही गोचीड कधी सुटली नाही. एवढी चोख नजर आपली, याचा त्यांना जन्मभर गर्व होता.

आता त्याच गर्वावर पाणी सोडायला त्या तयार होत्या. आपली एक तरी सुटली असेल, म्हणून त्या आठवणी उपसत होत्या, आणि त्यांना ते भांडण सापडलं.

कडाक्याची थंडी होती. पाखऱ्याला बाईंच्या जिवंत गोचिड्यांची दया आली. "बिचाऱ्या गारठल्या असतील," म्हणून त्यानं ओलसर ठेवलेल्या सगळ्या बाटल्या उचलून शेगडीजवळ मांडल्या. बाई परत आल्या तेव्हा गोचिड्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यात! बाई त्याला नाही नाही ते बोलल्या. तोही चिडला, अंथरूण काखेत मारून पाखरं धरायची जाळी ठेवलेल्या खोपटात जाऊन झोपला. त्या संध्याकाळी हजेरी झाली नाही. म्हणजे एखाद्या गोचिडीला सकाळपर्यंत मोकळं रान मिळालं होतं. ज्या भांडणाची इतकी वर्षं लाज वाटली, त्याच्या आता त्या पाया पडायला तयार होत्या.

हे सगळं त्यांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीण वयानं लहान, पण ऐकून घेणारी होती. "इतक्या वर्षांनी असं काही निघणं कठीण आहे हो," ती म्हणाली. बाईंना हे माहीत नव्हतं थोडंच! एखाद्या विद्यार्थिनीनं असा तर्क मांडला असता तर त्यांनी तिची चांगली कानउघाडणी केली असती. पण त्या हटून बसल्या. शेवटी रक्त आणि मणक्यातलं पाणी, दोन्ही तपासायला गेलं.

लेकीचा फोन आला. "आई, अगं लोक आजार नको म्हणून नवस बोलतात. तू मागतेस?"

"मी औषध असलेला आजार मागतेय," बाई म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी पाखऱ्या इस्त्रीचा सदरा घालून खुशीत होता. कशाला आलोय हे त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा बाईंनी सांगितलं, "तुझ्या अंगात गोचिडीचा जंतू आहे का ते बघायला." डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मग बाजूला ठेवला.

"दोन्ही स्वच्छ आहेत. तो जंतू यांच्या अंगात कधी शिरल्याची खूणसुद्धा नाही. हा विसरण्याचा आजार वेगळा आहे. तो बरा करणारं औषध माझ्याकडे नाही."

बाईंना ऐकू आलं, कळलंही. पण पाखऱ्यानं फक्त 'स्वच्छ' एवढंच पकडलं. त्याचा चेहरा खुलला.

"असेल कसा!" तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "ही माझी बायको. हिनं माझ्या अंगावर एक गोचीड राहू दिली नाही. एकसुद्धा नाही. विचारा हवं तर."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, की एक तरी राहू द्यायला हवी होती, एका संध्याकाळी तरी माझी नजर चुकायला हवी होती. पण त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं.

पाखऱ्या गडबडला. खिशात रुमाल सापडेना, तेव्हा त्यानं इस्त्रीच्या बाहीनंच त्यांचे डोळे पुसले.

"अगं वेडे, रडतेस काय? काही निघालं नाही ना?"

"नाही रे. काहीच निघालं नाही."

"मग! जिंकलीस तू," तो म्हणाला, आणि शाबासकी द्यावी तसं त्यांची पाठ थोपटत राहिला.