चारूसाठी रनर

बेसबॉलमध्ये कॅचरची जागा म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेची जागा. बॅटवालीच्या मागे उकिडवं बसायचं, अंगावर येईल ते झेलायचं, आणि टाळ्या पडल्या की त्या समोरून चेंडू फेकणाऱ्या पिचरसाठी आहेत हे मुकाट्याने समजून घ्यायचं. मी चार वर्षं तशी बसले. कुरकुर केली नाही, कारण समोरून चेंडू टाकायची ती चारुशीला. मी ग्लोव्ह जिथे धरेन तिथे तिचा चेंडू येऊन बसायचा. मला हात हलवायचीसुद्धा गरज पडत नसे. लोक म्हणायचे, ही कुमुदिनी नुसती बसूनच असते, हिला कशाला घेतलंय? म्हणोत बापडे.

चारूचे वडील शरदचंद्र सर आमच्या आदिलाबादच्या शाळेत पीईटी होते, म्हणजे खेळाचे मास्तर. माणूस मुळात क्रिकेटचा. पण अमेरिकेतल्या मावसभावाने त्यांना एक व्हिडिओ कॅसेट पाठवली आणि सरांचं डोकंच फिरलं. तिकडच्या व्यावसायिक बेसबॉलमधले गाजलेले क्षण होते तिच्यात. सगळ्यात शेवटी यायचा एक लंगडा खेळाडू. दोन्ही पाय दुखावलेले, तरी बाकावरून उठतो, बॅट घेतो, चेंडू थेट प्रेक्षकांत मारतो आणि लंगडत लंगडत चारी बेस, म्हणजे मैदानातले चार टप्पे, फिरून येतो. लोक वेडे होतात आणि कॅसेट संपते. प्रत्येक वेळी सरांच्या डोळ्यांत पाणी. "पोरीहो," ते म्हणायचे, "पिचरनं पिचरचं काम करावं, कॅचरनं कॅचरचं. पन खेळ मोठा होते तो अशा एका क्षणानं. तो आला की सोडू नका."

नियम आम्ही शिकलो ते त्या कॅसेटवरून आणि एका फाटक्या पुस्तिकेवरून. जे त्यांत कळलं नाही तिथे सरांनी बिनधास्त क्रिकेट घातलं. आम्हाला काय, सर म्हणतील ती पूर्व दिशा.

त्या वर्षी राज्याच्या स्पर्धा आमच्याच जिल्ह्यात, निर्मलला भरल्या. चारूचं वय बसणारं ते शेवटचं वर्ष. आंध्रच्या टीममध्ये निवड झाली की तिला हैदराबादच्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून सीट मिळणार होती. नाहीतर काही नाही. गणिताचं आणि तिचं साता जन्मांचं वैर होतं, मार्कांवर तिला कुणी दारात उभं केलं नसतं. तिला सरांसारखं पीईटी व्हायचं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही.

निवड करणारे साहेब सकाळी दुसऱ्या मैदानावर होते. दुपारी आमच्याकडे येणार, असा निरोप होता. तोवर चारूने निजामाबादच्या पोरींना नाचवलं होतं. मग तिची बॅटिंग आली. तिने चेंडू लांब मारला, पळाली, दुसऱ्या बेसवर घसरत पोचली आणि तिथेच पाऊल धरून बसली.

सर धावले. "चारू, पाय टेकते का?"

"टेकते बाबा. पन पळता नाही येनार."

बाकावर आमची बयना बसली होती. भीमपूरची, कापूसवाल्यांची पोरगी, हरणासारखी पळायची. सरांनी तिला हाक मारली आणि हात वर करून मोठ्याने म्हणाले, "अंपायर साब, रनर!"

अंपायरने विचारलं, "इसकी जगह ये?"

"हां हां, इसकी जगह ये."

अंपायरने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी पॅड बांधत बाकावर बसले होते. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. क्रिकेटमध्ये दुखावलेल्याला रनर मिळतो हे शेंबडं पोरही जाणतं. पुढच्याच फटक्याला बयना दुसऱ्या बेसवरून जी सुटली ती 'होम'ला, म्हणजे शेवटच्या बेसवर, येऊनच थांबली. एक धाव झाली. आम्ही तिला उचलून नाचवली. चारू सगळ्यांत जास्त ओरडली.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब खुर्चीत बसले, गुडघ्यावर वही ठेवली. आमची फिल्डिंग होती. चारूने पावलाला सरांचा रुमाल घट्ट बांधला, चेंडू घेतला आणि लंगडत पिचरच्या जागेकडे निघाली. गर्दी उठून टाळ्या वाजवायला लागली. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कॅसेट बघताना व्हायचा तसा झाला होता.

अंपायरने हात आडवा केला. "ये बाहर जा चुकी है. वापस नहीं आ सकती."

"साब, रनर मांगा था!"

"मास्टरजी, ये क्रिकेट नहीं है. इसमें जो बदला, वो गया."

सर हिंदीत बोलले, तेलुगूत बोलले, शेवटी मराठीतच हात जोडायला लागले. अंपायर काही वाईट माणूस नव्हता. त्याने पुस्तक उघडून ओळ दाखवली. सरांनी ती वाचली आणि त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. चारूने चेंडू आता तिच्या जागी आलेल्या बयनाच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसली. साहेब तिथून हाकेच्या अंतरावर होते आणि तिने टाकलेला एक चेंडूही त्यांनी पाहिला नव्हता.

बयनाने ज्वारीवरची पाखरं गोफणीने उडवलेली, हातात जोर भरपूर, पण नेमाच्या नावाने शिमगा. चेंडू कधी डोक्यावरून, कधी पायात, कधी भलतीकडेच. मी डावीकडे झेपावले, उजवीकडे लोळले, छातीवर घेतले, पण एकही मागे जाऊ दिला नाही. गर्दी माझं नाव घेऊन टाळ्या पिटायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा. मला रडू फुटत होतं, कारण मला दिसत होतं की साहेब लिहितायत आणि ते कुणाबद्दल लिहितायत.

आम्ही बयनाच्या त्या एका धावेवर जिंकलो. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

संध्याकाळी नावं वाचली. पिचर दुसऱ्या जिल्ह्याची. मग, "कॅचर, कुमुदिनी, आदिलाबाद."

मी तशीच साहेबांपुढे गेले. माझं हिंदी तोडकंमोडकं. म्हटलं, "सर, मेरे को निकालो, उसको लो. उसका बॉल देखो, बस पांच बॉल."

"अम्मा," तेलुगूत पोरीबाळींना म्हणतात तसं ते म्हणाले, आणि आवाज खरंच मऊ होता, "कॅचर की जगह कॅचर जाती है, पिचर की जगह पिचर. और जो मॅच में नहीं देखा, वो मैं कैसे लिखूं? उसका पैर भी तो देखो."

त्यांचं म्हणणं खरं होतं. अंपायरचं खरं, पुस्तकातलं खरं, सगळ्यांचंच खरं. चिडायला एक माणूस मिळेना. सरांवर चिडावं तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रात्र पडायच्या आत परतीची बस मिळाली. चारू खिडकीशी, मी तिच्या शेजारी, सर पुढच्या सीटवर. ती म्हणाली, "कुमे, काऊन रडून राह्यली? तू गेली म्हंजे मी गेली." मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडीहत्नूरला बस थांबली. सर उतरून चहा घेऊन आले. पहिला पेला त्यांनी चारूला दिला आणि तिथेच उभे राहिले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे. चारूने एक घोट घेतला.

"बाबा," तिने विचारलं, "तो कॅसेटमधला लंगडा मानूस. त्याच्यानंतर पुढं खेळला का हो तो?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पावलाला बांधलेल्या आपल्या रुमालाकडे.

"मले नाही माहीत, बेटा," ते म्हणाले. "कॅसेट तिथंच संपते."