अडकलेला साक्षीदार

सीडी प्लेअर इस्त्रीइतका स्वस्त झाला आणि बघता बघता घराघरांत शिरला. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर सिनेमांच्या सीड्या कांद्याबटाट्यांसारख्या ढिगानं मिळू लागल्या.

भाड्यानं सिनेमे देणाऱ्या कॅसेटमामांना आता एकच आधार उरला होता, तो म्हणजे त्यांचा शब्द. मामा प्रत्येक सिनेमा आधी स्वतः बघत आणि मगच देत. “हा तुमच्याकडे नको, पोरं घाबरतील,” असं म्हणून गिऱ्हाईक परतही पाठवत. लोक हातगाडी ओलांडून त्यांच्या दुकानात येत ते त्यासाठीच.

पण कॅसेटी मोडीत निघून सीड्यांची खोकी आली, तेव्हा मामांना धीर धरवेना. एवढे सिनेमे बघून कधी व्हायचे? न बघताच मांडले. स्वच्छतेत मात्र कसूर नाही. ताट पुसावं तशी प्रत्येक सीडी त्यांनी रुमालानं गोल गोल, दाबून दाबून चकचकीत केली.

दुसऱ्याच संध्याकाळी बेकरीवाला धापा टाकत आला. हाताला पीठ तसंच.

“मामा, आधी चला! तुमची सीडी अडकली. कोर्टात साक्षीदारानं तोंड उघडलंय आणि तो तसाच आ वासून बसलाय. आई म्हणते, खुनी कोण ते कळल्याशिवाय जेवणार नाही!”

मामा गेले. बेकरीवाल्याच्या आईनं, म्हणजे गल्लीच्या आजींनी, खुर्ची टीव्हीला जवळजवळ टेकवली होती. मागं सून आणि शेजारच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या.

“तू तर बघितलाच असशील,” आजी म्हणाल्या. “सांग, पुढं काय होतं?”

‘नाही बघितला’ हे शब्द मामांच्या अगदी ओठांवर आले होते. पण ते बाहेर पडले असते, तर उद्यापासून दुकानात आणि हातगाडीत फरक तो काय राहिला असता? मामांनी घसा खाकरला आणि दिलं ठोकून. साक्षीदार थेट वकिलाकडेच बोट दाखवतो! मामा साक्षीदार झाले, वकील झाले, उशी पोटाशी धरून न्यायाधीशही झाले. वकील खिडकीतून उडी मारतो तेव्हा तर सोफ्याची एक स्प्रिंगच वाजली. आजी टाळ्या पिटत जेवायला उठल्या.

घरी येऊन मामांनी हा पराक्रम मामींना ऐकवला. मामींनी ती अडकलेली सीडी दिव्याच्या उजेडात धरली.

“हे बघा तुमचं कर्तृत्व! सगळे गोल ओरखडे. प्लेअरच्या आतला प्रकाश गोल फिरत वाचत जातो. ओरखडाही गोल असला, की तो वाचायच्या वाटेवरच लांबलचक पसरतो. मधून कडेकडे सरळ पुसायचं असतं. खोक्यावर चित्र काढलंय, तेवढं तरी बघायचं!”

मग दोघांनी टूथपेस्ट लावून, हलक्या हातानं, मधून कडेकडे सगळ्या सीड्या घासल्या. बऱ्याचशा सुधारल्या. कोर्टाचा सिनेमा मामांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला. खुनी साक्षीदारच निघाला!

“अगं, ही पुन्हा बिघडवता येईल का?”

“येईल की. रुमाल देऊ?”

मामा रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी सीड्यांची पिशवी घेऊन ते बेकरीवाल्याच्या दारात उभे राहिले.

“आजी, सीडी नीट झाली. पण मी सांगितलं ते खोटं होतं. सिनेमा मी बघितलाच नव्हता.”

बेकरीवाल्याचा पीठ मळणारा हात थांबला. आजी एवढंच म्हणाल्या, “लाव.”

साक्षीदार बोलला, रडला, आणि त्यानं खून कबूल केला. आजी कपाळावर हात मारून घेऊन मामांकडे वळल्या.

“म्हणजे वकील बिचारा निर्दोष! आणि मी सकाळपासून गल्लीभर त्याला शिव्या घालत सुटलेय!”

सून पदरात तोंड लपवून हसायला लागली. मामांची मान मात्र खालीच.

“पिशवीत आणखी कुठला आहे?” आजींनी विचारलं.

“आहे एक. पण तो चांगला की वाईट, मला माहीत नाही. अजून बघितला नाही.”

“हे बरं सांगितलंस. मग बघितल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. बस इथं, आपण दोघं बघू.” आजींनी खुर्ची सरकवून त्यांना जागा केली. “आणि हा अडकला, तर तू गप्प बसायचं. पुढचं मी सांगणार.”