दाराशी अडलेल्या एंझाइमची कैफियत

मी एक एंझाइम बोलतोय. बोलतोय कसला, वैतागलोय! पिकांवर फवारायच्या विषारी औषधाचे तुकडे करणं हे माझं काम. तुकडे पडले की पिवळा रंग सुटतो. पण तीन वर्षं माझ्या हातून एक थेंबही पिवळा होत नव्हता, कारण मी कामावर पोचतच नव्हतो.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या ताईने. मूळचा मी नाजूक, जरा उष्णता वाढली की ढेपाळायचो. तिने माझी रचना बदलून मला काटक केलं. आम्ही एंझाइम जन्मतो सुट्या धाग्यासारखे, नीट घडी पडली की कामाचे; मी मात्र जन्मल्या जन्मल्या घडी पडून तयार! ती तिच्या मार्गदर्शक सरांना कौतुकाने सांगायची आणि मीही फुशारून जायचो.

मग मला एका जिवाणूत ठेवलं. त्याला दोन भिंती, मधे चिंचोळा बोळ. विष त्या बोळापर्यंतच येतं. मी मात्र जन्मतो आतल्या खोलीत. म्हणून ताईने माझ्या डोक्याला पत्त्याची चिठ्ठी जोडली. त्या चिठ्ठीच्या आधाराने बोळाच्या दारापर्यंत पोचलोही. पण त्या दारातून फक्त सुटा धागा सरकतो, आणि माझी घडी आधीच पडलेली! घरातच उघडलेली छत्री दारातून निघेल का?

ताईला वाटलं, चिठ्ठीच चुकली. तिने एकामागून एक पाच चिठ्ठ्या बदलल्या. अहो, पत्ता बरोबर आहे, जरा माझ्याकडे बघा! पण ऐकतो कोण?

शेवटी सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत पिवळं दिसलं नाही तर हे काम बंद. दुसरा विषय घे."

"सर, तीन वर्षं गेलीत माझी यात."

"माझीही गेलीत."

त्या दुपारी ताईने डबा उघडलाच नाही. उघडली ती तीन वर्षांपूर्वीची वही. तिथे तिच्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं: 'घडी लगेच पडते.'

"अरे देवा," ती पुटपुटली, "घोळ मीच घातलाय!"

जिवाणूला आणखी एक दार असतं, घडी पडलेल्यांसाठी. तिने मला त्या दाराची चिठ्ठी जोडली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी सुखरूप बोळात पोचलो. चिठ्ठी दारातच कापली गेली आणि मी विषावर तुटून पडलो. नळी पिवळीधमक! ताई हसता हसता रडली.

"शाब्बास! चिठ्ठी झकास निवडलीस," सर म्हणाले.

चिठ्ठी! तीन वर्षं कुचंबलो मी आणि कौतुक चिठ्ठीचं!

तपासून झालेल्या नळ्या वाफेच्या भांड्यात घालून नष्ट करायच्या, असा इथला नियम आहे. माझी नळी रांगेत तिसरी आहे. त्याची तक्रार नाही. ताई, फक्त एवढं ऐक: पुढच्याला काटक करण्याआधी दार मोजून घे.