लॉकला हात कुणी लावायचा

वहिनी ऑफिसात नेमकं काय करते, हे डॉक्टरीणबाईंना तीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. थोरल्या भावाची बायको, कंप्युटरच्या कंपनीत आहे, घरच्या कार्याला कायम उशिरा पोचते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जाणाऱ्या नणंदेला तिने गमतीने 'वन्सं' म्हटलं होतं. पुढे नणंद डॉक्टर झाली, रक्ततपासणीची स्वतःची लॅब काढली, तिच्या हाताखाली नऊ माणसं आली, तरी वहिनीच्या तोंडी वन्संच राहिलं.

त्या लॅबमध्ये एका सकाळी विचित्र प्रकार घडला. नळ्यांवर लेबलं लावणाऱ्या टेक्निशियनबाईंची नजर मोठी तीक्ष्ण. हातातल्या नळीचं बूच पिवळं, आणि लेबलावरची तपासणी जांभळ्या बुचाच्या नळीतली. त्यांनी काम थांबवून शोध घेतला, तर एका सत्तरीच्या आजोबांच्या रक्तावर एका गरोदर बाईचं नाव छापून आलं होतं. रिपोर्ट गेला असता तर आजोबांनी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या बाईचं काय झालं असतं, या विचाराने डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन फिरवला.

प्रोग्रॅमची देखभाल करणारा इंजिनिअर आला, त्याने केबल बदलली. आठवड्याने पुन्हा तेच. मग नवा प्रिंटर आला. पाचव्या दिवशी पुन्हा दोन लेबलं एकमेकांत मिसळली. डॉक्टरीणबाईंनी प्रिंटर बंद करून टाकला आणि सगळ्यांना हाताने नावं लिहायला बसवलं. रांग दारापर्यंत गेली, टेक्निशियनबाईंची बोटं भरून आली.

भावाकडे जेवताना त्यांनी ही रडकथा सांगितली, ती सुद्धा भावाला. पानावरून मान वर न करता वहिनीने विचारलं, "एका प्रिंटरवर किती प्रोग्रॅम छापतात?"

दोन, असं त्या म्हणाल्या. एक नमुने घेण्याच्या टेबलावरचा, दुसरा आतल्या मशीनचा.

"आणि एकाचं चालू असताना दुसऱ्याने थांबावं म्हणून लॉक असेल. त्याच्यावर परमिशन कुणाकुणाला आहे?"

हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं. इंजिनिअरला फोन लावला, तर तो अभिमानाने म्हणाला, की सुरुवातीला 'परवानगी नाही' असा एरर सारखा यायचा, म्हणून त्याने सर्वांना पूर्ण परमिशन देऊन टाकली; तेव्हापासून एकदाही एरर नाही. वहिनीने कपाळावर हात मारला आणि रविवारी येते म्हणाली.

रविवारी लॅब बंद. वहिनी डबा, चष्म्याच्या दोन जोड्या आणि एक वही घेऊन आली. प्रिंटरकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने लॉकवरच्या सगळ्यांच्या परमिशन काढून टाकल्या आणि फक्त त्या दोन प्रोग्रॅमांच्या खात्यांना दिल्या, त्याही दोनच: लॉकसाठी थांबायची आणि काम झालं की ते सोडायची. मग कुणाला परवानगी नाकारली जातेय याची नोंद चालू केली आणि लॅबमधलं एकूण एक यंत्र रोजच्यासारखं सुरू करायला सांगितलं.

दोन मिनिटांत पडद्यावर 'परवानगी नाही' झळकलं. डॉक्टरीणबाई हबकल्या. "झालं, बिघडलं ना?"

"बिघडलं नाही, सापडलं," वहिनी म्हणाली. "आता नाव बघू."

नाव निघालं बाहेरच्या टीव्हीचं. प्रतीक्षेच्या खोलीत 'आपला नमुना पोहोचला' असं दाखवणारा तो साधा पडदा. त्याचाही एक छोटा प्रोग्रॅम होता, हे सगळे साफ विसरले होते. काम चालू आहे की नाही हे पाहायला तो त्याच लॉकला हात लावायचा, आणि बंद करून पुन्हा सुरू केला की लॉक अडकलं असेल असं धरून उगाच एकदा सोडून द्यायचा. मग एकाच्या जागी दोघांना आत शिरायला वाट मिळे, आणि अर्धं लेबल याचं, अर्धं त्याचं. टेक्निशियनबाईंना आठवलं, की सफाईवाल्या मावशी अधूनमधून पडद्याचा प्लग काढून त्याची धूळ पुसतात. सफाईच्या वहीतल्या तारखा काढल्या, लेबलं चुकल्याच्या तिन्ही तारखांशी जुळल्या.

वहिनीने पडद्याला लॉकवर कसलीच परमिशन ठेवली नाही. त्याच्यासाठी वेगळी खूण बनवली: ती त्याने फक्त पाहायची, बदलायची नाही. मग पाण्याने भरलेल्या तीनशे नळ्या मांडल्या, दोन्ही प्रोग्रॅम एकदम पळवले, मध्ये सहा वेळा स्वतः पडद्याचा प्लग काढला. टेक्निशियनबाईंनी लेबलन् लेबल यादीशी ताडून पाहिलं. एकही चुकलं नाही. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आटोपलं. वहिनीने आणखी तीनशे करायला लावली.

दुपार कलली. डबा कधीच संपला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की आता त्यांच्या रोजच्या खात्याला तेवढी पूर्ण परमिशन देऊन ठेव, लॅब त्यांचीच आहे.

"नाही देणार, वन्सं."

नऊ माणसांच्या मालकिणीला असं तोंडावर नाही म्हणणारं गेल्या कित्येक वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. वहिनीने चष्मा काढून पुसला.

"तुमच्यावर अविश्वास नाही. पण त्या खात्यातून तुम्ही दिवसभर पत्रं वाचता, रिपोर्ट उघडता. त्यात एखादा प्रोग्रॅम भलतंच करून बसला तर तो तुमच्या परमिशनच्या जोरावर करेल. बदल करायचं खातं वेगळं ठेवलंय, त्याचा पासवर्ड तुमच्याकडेच राहील. लागेल तेव्हाच वापरा."

आणि बोलता बोलता तिने परमिशनच्या यादीतलं स्वतःचं नावही काढून टाकलं. डॉक्टरीणबाई पाहत राहिल्या. हातात सगळं आलेलं असताना इतक्या सहजपणे ते खाली ठेवणारं माणूस त्यांनी डॉक्टरांतही फारसं पाहिलं नव्हतं. टाके घालण्याआधी बोळे आणि अवजारं स्वतः मोजून घेणारा एक जुना सर्जन तेवढा आठवला.

"तू रोज हेच करतेस?" त्यांनी विचारलं.

"एकोणतीस वर्षं. आधी विमानतळाच्या सामानाचं केलं, मग वीजकेंद्राचं. लोक एकमेकांच्या मध्ये येऊ नयेत, एवढंच आमचं काम." ती पुढे म्हणाली, "नीट झालं तर कुणाला कळतच नाही. त्यामुळे घरी काय सांगणार?"

कोपऱ्यातली खुर्ची ओढून डॉक्टरीणबाई वहिनीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, की ते वीजकेंद्राचं पहिल्यापासून सांग, मला घाई नाही. टेक्निशियनबाईही नळ्या आवरायच्या सोडून येऊन उभ्या राहिल्या. वहिनी आधी संकोचली. मग वहीचं कोरं पान काढून तिने एक चौकोन काढला आणि सांगायला लागली.