पूल उचलण्याआधी

“हा घोडेस्वार पुढे का सरकत नाही? बिघडलाय का?”

मी ड्युटीवरून येऊन अजून चपलाही काढल्या नव्हत्या आणि बाबा टॅबलेट घेऊन दारातच उभे होते.

“बिघडला नाही बाबा. त्याच्या शेजारच्या घरात समोरच्याचा भालेवाला आहे. भालेवाल्याजवळून जाताना थांबावंच लागतं.”

“रस्ता तर मोकळा दिसतोय.”

“असू दे मोकळा. तो अडवतो.”

“नुसता उभा राहून?”

“नुसता उभा राहून.”

बाबांनी समाधानाने मान डोलावली. “हे बरोबर आहे,” असं म्हणून ते पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. मला पाणी विचारायचंही त्यांना सुचलं नाही. ते काम आईने केलं आणि वर डोळे मिचकावून म्हणाली, “सकाळपासून घोड्यावरून उतरले नाहीत.”

खरं तर हा खेळ माझा आणि दादाचा. सहा कोपऱ्यांच्या घरांचा एक मोठा नकाशा, त्यावर डोंगर, जंगल, नदी, दोन टोकांना दोन किल्ले. एकाने आपली सगळी माणसं हलवायची, ‘चाल संपवा’ हे बटण दाबायचं, मग दुसऱ्याची चाल. घाई अजिबात नाही. एकाने आज खेळावं, दुसऱ्याने परवा खेळावं. दादा दुसऱ्या शहरात राहतो, मी रुग्णालयात लोकांच्या दंडात सुया टोचून रक्त काढते. दोघांनाही फुरसत बेताची, म्हणून हा खेळ आम्हाला सोयीचा होता. त्याची चाल झाली की माझ्या टॅबलेटवर घंटा वाजायची.

त्या घंटेनेच सगळा घोळ केला. मला सकाळची ड्युटी लागली आणि टॅबलेट दिवसभर घरी पडून राहायला लागला. एकदा घंटा वाजली, पुन्हा आठवण म्हणून वाजली, पुन्हा वाजली. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. ते आईला म्हणाले, “घंटा वाजतेय आणि घरात कोणी बघत नाही?”

“अहो, खेळ आहे तो मुलांचा.”

“घंटा आहे ना?”

बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. घंटा वाजली म्हणजे आत कोणीतरी अडकलंय, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांना वाजणारी घंटा सोडून जेवताना मी कधी पाहिलं नाही. लहानपणी सुट्टीत मी एकदा त्यांच्याबरोबर कामावर गेले होते. एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या आणि आतून दारावर बुक्क्या मारत होत्या. बाहेर जमलेले लोक बाबांच्या नावाने शंख करत होते. बाबांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी ते दाराशी जमिनीवर मांडी घालून बसले आणि फटीतून म्हणाले, “मी आलोय. आता मी इथून हलणार नाही. कुठे निघाला होतात तुम्ही?” बाई बोलायला लागल्या. मग बाबांचे हात कामाला लागले, पण तोंडाने गप्पा चालूच. बाई बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे न बघता तरातरा निघून गेल्या. मला फार राग आला. बाबा दाराखालची खाच पुसत म्हणाले, “पाय जमिनीला लागले ना त्यांचे? झालं तर.”

मला माझ्या बापाचा अभिमान वाटतो, तो तेव्हापासून. आणि आता हाच माणूस नाकावर चष्मा सरकवत विचारत होता, “तिरंदाजाला लांबून मारता येतं, मग जवळ गेलं की तो मुका का होतो?”

अडचण एकच होती. समोर दादा होता, आणि दादा आणि बाबा चार-पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दादा काही महिने बाबांच्या हाताखाली होता. लिफ्टच्या कामात एक रीत असते. एक जण खाली खड्ड्यात उतरलेला, दुसरा वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. वरच्याने बटण दाबण्याआधी ओरडून विचारायचं, “बाहेर?” खालच्याने खड्ड्यातून बाहेर येऊन ओरडायचं, “बाहेर!” वरच्याने पुन्हा विचारायचं, खालच्याने पुन्हा सांगायचं. दुसरं उत्तर आल्याशिवाय बटणाला हात नाही. बाबांनी या बाबतीत देवाचंही ऐकलं नसतं. त्या दिवशी खड्ड्यात बाबा होते, लिफ्टसाठी साहेबलोक ताटकळले होते आणि वर दादाची घाई चालली होती. त्याने विचारलंच नाही. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

बोटांबद्दल बाबा कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण रुग्णालयात, सगळ्यांसमोर, ते दादाला म्हणाले, “ज्याला थांबता येत नाही, तो माझ्याबरोबर नको.” त्यांना कामापुरतंच म्हणायचं होतं, असं आई आजही शपथेवर सांगते. दादाने मात्र घर सोडलं. तो आईला फोन करायचा, मला करायचा. बाबा खोलीत आले की आम्ही विषय बदलायचो. बाबांनाही ते कळायचं, मग ते उगीच नळ तपासायला जायचे.

म्हणून बाबा दादाला ‘समोरचा’ म्हणायचे. “समोरच्याला विचार, डोंगरावर उभं राहिलं की मार कमी लागतो का?” मी दादाला विचारायचे. तो लिहायचा, “लागतो.” मग एक दिवस त्याने लिहिलं, “तू इतकं जपून कधीपासून खेळायला लागलीस? वैद्याला सगळ्यांच्या मागे ठेवतेस, जखमी झालेला एकेक जण परत आणतेस.” मी काहीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने त्याचंच आलं, “कळलं.”

तरी तो खेळत राहिला. मग मीच वैतागले. या दोघांची टपालवाली व्हायचा पगार मला कोणी देत नव्हतं. नकाशाखाली निरोपाची एक चौकट असते, ती मी बाबांना दाखवली. “इथे लिहा, त्याला थेट जातं. मला मध्ये घेऊ नका.”

बाबांनी चष्मा पुसला. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं: ‘केलेली चाल मागे घेता येते का?’

उत्तर लगेच आलं नाही. आई स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने विचारत होती, “काय म्हणतो?” संध्याकाळी घंटा वाजली. ‘नकाशाचा नवा भाग उघडला नसेल तर येते. एकदा उघडला की नाही.’

“चोख नियम आहे,” बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र धबधबा सुरू झाला. जंगलात घोडा हळू का? उपाशी सैनिक मरतो का? वैद्य स्वतःला बरं करू शकतो का? दादाची उत्तरं एका ओळीची, बाबांचे प्रश्नही एका ओळीचे. ‘कसा आहेस’ कोणी लिहिलं नाही. पण आई ती चौकट चष्मा लावून रोज वाचायची, आणि वैद्य स्वतःला बरं करू शकत नाही हे वाचून तिने पदर डोळ्याला लावला.

मग अचानक सगळं थांबलं. दोन दिवस काहीच हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना दादाचा फोन आला.

“बाबांना बरं नाही का गं?”

इतक्या वर्षांत त्याने बाबांबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मी घाबरून घरी फोन केला, तर बाबा ठणठणीत. घरी येऊन बघते तो टॅबलेट मांडीवर, पडद्यावर खेळाच्या नव्या आवृत्तीत आलेली चौकट: ‘चाल संपवायची? हो / नाही.’

“बाबा, दाबा ना ‘हो’! तो बिचारा वाट बघतोय.”

“मीही वाट बघतोय,” बाबा म्हणाले. “विचारलंय ना इथे? मग त्याचं ‘हो’ आल्याशिवाय मी कसं दाबू? त्याची माणसं कुठे उभी असतील काय माहीत.”

मला आधी हसू फुटलं. मशीन त्यांनाच विचारत होतं, आणि यांना वाटलं होतं की प्रश्न खाली गेलाय, उत्तर यायचंय. मी हसत हसत दादाला फोनवर सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, “दोन दिवस थांबले?”

“दोन दिवस.”

“बरं,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मग माझंही हसू मावळलं.

त्यानंतर खेळाचा रंग बदलला. बाबा आता चांगले तयार झाले होते. दादाचा किल्ला त्यांच्या घोडेस्वारापासून एका उडीवर होता आणि आत चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, “घ्या की! जिंकलात!”

“किल्ला घेतला की खेळ संपतो का?”

“संपतो.”

“मग ही चौकट?”

“तीही बंद होते.”

बाबांनी घोडेस्वार जंगलात नेला. पुढच्या चालीत परत आणला. पुन्हा नेला. तिकडे दादाचा तिरंदाज टेकडीवर चढत होता आणि उतरत होता. दोघेही एकमेकांना हरवू शकत होते आणि दोघेही सैनिकांना फेऱ्या मारायला लावत होते. माझ्या आयुष्यात मी इतकं बिनकामाचं युद्ध पाहिलं नाही. “नवीन खेळ सुरू करता येतो,” असं मी दोघांनाही सांगू शकले असते. पण आधी कोणी म्हणायचं, यावर गाडी अडली असती. आमच्या घराण्याचा तो जुना रोग.

नदीवर दादाच्या बाजूचा एक पूल होता. दादाने बुरुजावरची कळ दाबली की तो वर उचलला जायचा. बाबांनी त्याबद्दल चौकटीत विचारलं, ‘पूल उचलताना त्यावर कोणी असेल तर?’

दादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच शब्द. ‘मरतो.’

बाबांनी ते वाचलं. मग आपला वैद्य, जो एवढे दिवस सगळ्यांच्या मागे जपून ठेवला होता, तो उचलून त्यांनी पुलाच्या मधोमध नेऊन उभा केला आणि मला म्हणाले, “‘हो’ दाबू ना?”

“बाबा, तो मरेल! वैद्य गेला तर तुमचं सगळंच गेलं. परत घ्या, अजून घेता येतं.”

“दाबू ना?”

त्यांना नियम माहीत होता, स्वतःच विचारला होता. मी “दाबा” म्हटलं आणि त्यांनी दाबलं.

ते दिवसभर टॅबलेटपासून लांब राहिले. नळ तपासले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आईची आधीच नीट असलेली इस्त्री खोलून बसले. मी ड्युटीवरून आले तरी घंटा वाजली नव्हती. आईने तर टॅबलेट उशीवर ठेवला होता, जसा काही तोच आजारी आहे.

दिवेलागणीला घंटा वाजली. बाबा आले आणि खुर्चीत बसले. आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो.

नकाशावर काहीच हललं नव्हतं. दादाने एकही माणूस न हलवता, कळही न दाबता चाल संपवली होती. पूल आडवाच होता आणि वैद्य त्यावर तसाच उभा होता. फक्त खाली चौकटीत लिहिलं होतं:

‘बाहेर?’

तीन बोटांच्या डाव्या हाताने बाबांनी टॅबलेट धरून ठेवला आणि उजव्या हाताने वैद्याला पुलावरून उचलून अलीकडच्या काठावर ठेवलं. मग मान वर करून, छताकडे बघत, सहा मजले वर पोचेल अशा आवाजात ते ओरडले, “बाहेर!”

शेजारच्या घरात कोणीतरी खिडकी उघडली. आईने माझा हात घट्ट धरला.

“बाबा,” मी हळूच म्हटलं, “त्याला ऐकू जात नाही. लिहावं लागतं.”

“हो, हो,” बाबा म्हणाले. डोळे पुसून त्यांनी एक एक अक्षर शोधलं आणि ‘बाहेर’ लिहून पाठवलं. पण चाल संपवली नाही. हात मांडीवर ठेवून थांबून राहिले.

चौकटीत पुन्हा अक्षरं उमटली. ‘बाहेर?’

बाबांनी दुसऱ्यांदा लिहिलं, ‘बाहेर’. आणि मग, मला न विचारता, ‘हो’ दाबलं.