शांतादेवींचं लॉगिन

"नेट पाडलंच की परत!" हंबीररावांनी टेबलावर थाप मारली. "पवित्रा, ह्यो त्या नव्या केबलवाल्याचाच डाव हाय. लिहून घे माझ्याकडनं!"

हंबीररावांची कंपनी कोल्हापुरात घरोघरी इंटरनेट द्यायची. गिऱ्हाइकाचं नाव आणि पासवर्ड तपासून त्याला आत सोडणारं नवं सॉफ्टवेअर त्यांनी नुकतंच बसवलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मान टाकायचं. मग शहरात कुणालाच नेट नाही आणि फोनवरच्या पवित्राला उसंत नाही. शिव्या द्यायच्या म्हटल्यावर कोल्हापूरकर हात आखडता घेत नाही.

शेवटी पवित्राने कॉम्प्युटरवरच्या नोंदी चाळल्या. डाव कुणाचाच नव्हता. नाव फार लांब आलं की ते सॉफ्टवेअरच्या घशात अडकत होतं. आणि एवढं लांब नाव एकच होतं: सौभाग्यवती शांतादेवी नागाप्पा कित्तुरे कुरुंदवाडकर.

"कनेक्शन तोड," हंबीरराव म्हणाले.

पवित्राला ते घर ठाऊक होतं. शांतादेवींचे यजमान नागाप्पा, गुळाचे निवृत्त व्यापारी, रोज संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या लेकीशी, सौंदर्याशी, याच कनेक्शनवर बोलत. "नाव आखूड करून घेते की, मालक," ती म्हणाली आणि शाहूपुरीत त्यांच्या घरी गेली.

नागाप्पा इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले होते. तिने सगळं सांगितलं, तसे ते ओशाळले.

"म्हंजे गावाचं नेट मी बंद पाडतोय व्हय?"

"तुम्ही न्हाय, आप्पा. सॉफ्टवेअरच कच्चं हाय. दुरुस्त हुईस्तवर नाव बारकं करूया. नुसतं तुमचं ठेवू?"

"शांतादेवीला जाऊन दोन वर्सं झाली. रेशनकार्डावरनं नाव गेलं, लाइटबिलावरनं गेलं. ह्या एका ठिकाणी मी तिचं नाव रोज लिवतो, पोरी."

आपण असं विचारलं याची पवित्राला लाज वाटली.

"माझंच नाव काढ," नागाप्पा म्हणाले. "आडनाव काढ, गाव काढ. सौभाग्यवती बी काढ. लगीन करून आली तवा एवढं नावच तर तिचं सवताचं हुतं. तेवढं ऱ्हाऊ दे."

तिने ऑफिसला फोन लावून नाव बदलून घेतलं. नागाप्पांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत 'शांतादेवी' लिहिलं. सवयीने बोट पुढे, स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर गेलं. तिथे ते जरा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते मागे घेतलं.