शेगडीवर भाजलेला बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे, आणि आता मोडका. पण मोडका म्हणून मला कमी लेखायचं काम नाही. माझी काया कार्बनच्या काळ्या धाग्यांची, हलकी आणि नेटकी.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी लेम्पीच्या घरी आलो, तेव्हा मी नुसती पोकळ नळी होतो. तिनं मला आपल्या धनुष्याच्या ताणाला साजेसा निवडला, मापात कापला. शेपटाला दोरीत अडकायची खाच बसवली, तीन पिवळी पिसं चिकटवली. तोंडात आट्यांची हलकी पुंगळी गरम डिंकानं घट्ट केली. तिच्यात टोक फिरवून लावायचं.

मग काय, रोज संध्याकाळी पेंढ्याच्या गठ्ठ्यावर नेम! "माझा पिवळ्या पिसांचा कधी दगा देत नाही," असं लेम्पी म्हणायची. तरी सोडण्याआधी मला कानाशी धरून वाकवायचीच. आतला धागा तुटला असेल तर कटकट वाजतो. तसला बाण दोरीवर चढवला तर सुटताना फुटतो आणि त्याच्या चिपा धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. लेम्पी बेकरीत पाव मळणारी. हात गेला तर तिनं करायचं काय?

हरणांच्या शिकारीचे दिवस आले. शिकारीला बाणाचं तोंड जड लागतं, म्हणून माझी जुनी पुंगळी काढून पितळी बसवायची होती. लेम्पी बेकरीत होती. तिची आई आइली हिनं ते काम अंगावर घेतलं. आइलीनं जन्मभर अॅल्युमिनियमचेच बाण केले होते. ते आचेवर धरले की डिंक सुटतो आणि बाणाला काही होत नाही. तिनं माझंही तोंड शेगडीच्या निळ्या जाळात धरलं. पण मी पडलो कार्बनचा, माझे धागे भाजले. ओरडणार कसा? तोंड होतं, त्यातही पितळ ठासलेलं. वरून मात्र मी नवरदेवासारखा चकचकीत.

सकाळी अंगणात लेम्पीनं मला कानाशी नेलं.

"काय ऐकतेस गं?" आइलीनं विचारलं.

"काही नाही आई, वाकवून बघते."

"मी तयार केलेला बाण तपासतेस? तुझ्या बापानं जन्मात नाव ठेवलं नाही माझ्या बाणाला!"

"अगं, नाव कुठं ठेवतेय? रोजचीच सवय माझी."

"आण इकडे. मीच ऐकते."

लाल लोकरीचे हातमोजे घातलेल्या हातांनी तिनं मला वाकवलं आणि डाव्या कानाशी धरलं. तो कान आरागिरणीतल्या नोकरीत करवतीच्या आवाजानं कधीच निकामी केला होता. घरात सगळ्यांना ठाऊक, पण तिला सांगणार कोण? मी जीव तोडून कटकटलो. लेम्पीच्या कानांपर्यंत सरोवरावरचा वारा काही पोचू देईना.

"बघ, गप्प आहे. सोड आता."

लेम्पीनं मला दोरीवर चढवलं. दोरी ताणली. आता फुटणार आणि तिचाच हात फाडणार, हे मला कळत होतं. पण मी काय करणार!

ती थांबली. माझ्या तोंडाजवळ लाल धागा फडफडत होता. तिनं दोरी हळूहळू सैल सोडली.

"आई, तुझी लोकर बाणाला कशी अडकली?"

तिनं नखानं चाचपलं, एक बारीक चीप लागली. मग स्वतःच्या कानाशी मला वाकवलं. कट्, कट्.

आइली मोज्याकडे बघत राहिली. "भिकार लोकर विकतात मेले," ती म्हणाली.

चुकून कुणी उचलू नये म्हणून लेम्पीनं मला गुडघ्यावर मोडलं. दोन्ही तुकडे आइलीनं मागून घेतले आणि शेगडीवरच्या खिळ्याला टांगले. आता बाण घेऊन शेगडीपाशी आली की ती वर बघते. "काय बघतोस रे?" म्हणून माझ्यावरच खेकसते आणि किटली चढवते. गरम पाण्यातही डिंक सुटतो, बाण भाजत नाही.

मित्रांनो, आम्हांला ओरडता येत नाही. बाण कुणीही तयार केलेला असो, वाकवून आपल्या चांगल्या कानानं ऐका. त्यात आईचा अपमान होत नाही. झालाच, तर होऊ द्या.

खाली लेम्पी कणीक तिंबते आहे. दोन्ही हातांनी.